माणसाच्या मापाची गाडी : प्रस्तावना

१९२४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या लियों शहराजवळ बुगाटीची टाइप ३५ पहिल्यांदा शर्यतीत उतरली. दोन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. समोर घोड्याच्या नालाच्या आकाराचा रेडिएटर, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, आणि तारांच्या चाकांऐवजी ॲल्युमिनियमची ओतीव चाकं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर, २.४ मीटर. आता हीच गाडी कागदावर सत्तर टक्क्यांवर आणा. व्हीलबेस १.६८ मीटर होईल. बॉनेट, शेपटी, रेडिएटर सगळं त्याच हिशेबानं आखडेल. चित्र हुबेहूब उतरेल, कुठं काही खटकणार नाही. मग त्या चित्रात स्वतःला बसवा.

तुम्ही सत्तर टक्के होणार नाही. खांदे दीड फुटाचे ते दीड फुटाचेच राहतील. गुडघे स्टिअरिंगला अडतील, डोकं आणि अर्धी छाती गाडीबाहेर येईल, आणि जी गाडी कागदावर बाणासारखी सुटलेली दिसत होती तिच्यावर एक मोठा माणूस लहान मुलाच्या तीनचाकीवर बसावा तसा बसलेला दिसेल. गाडी हवी तेवढी लहान करता येते, माणूस करता येत नाही. सायकलकार्ट, म्हणजे जुन्या शर्यतीच्या गाडीच्या रूपाची घरी बांधलेली छोटी गाडी, बनवणाऱ्याला येणाऱ्या बहुतेक सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात, आणि या कामातली गोडीही इथेच आहे. पुढची सगळी प्रकरणं मी याच एका गोष्टीभोवती लिहिली आहेत.

म्हणून सायकलकार्टला मी प्रतिकृती म्हणत नाही. पेणच्या मूर्तिशाळेत मी एकदा तासभर उभा होतो. चार फुटी गणपती आणि वीतभर गणपती एकाच कारागिराच्या हातचे होते, पण वीतभर मूर्तीत डोळे त्या प्रमाणात बारीक केलेले नव्हते. केले असते तर ते दिसलेच नसते आणि मूर्ती झोपलेली वाटली असती. सायकलकार्टचंही तसंच. काय राखायचं, काय थोडं मोठं करायचं आणि काय सरळ सोडून द्यायचं, हे ठरवण्यात निम्मं काम असतं. चाकं मूळ प्रमाणापेक्षा जरा मोठी ठेवावी लागतात. टाइप ३५ ची चाकं टायरसकट सुमारे ७१ सेंटिमीटरची होती. सत्तर टक्क्यांनी ती ५० सेंटिमीटर होतात. मोपेडची १७ इंची रिम आणि सव्वादोन इंची टायर घेतला तर साधारण ५४ सेंटिमीटर मिळतात, आणि तेच डोळ्याला बरोबर वाटतं. स्टिअरिंगचं चाकही प्रमाणाबाहेर मोठं राहतं, कारण हाताचे पंजे तेवढेच असतात. बैठक मात्र खाली, अगदी खाली न्यावी लागते. दोन चासी-पाइपांच्या मध्ये, जमिनीपासून चार-सहा इंचांवर कंबर टेकवायची आणि पाय सरळ पुढे सोडायचे.

कुठे सोडायचे? बॉनेटखाली. सायकलकार्टच्या लांबलचक बॉनेटखाली बहुधा इंजिन नसतंच. तिथे चालवणाऱ्याचे पाय असतात, आणि इंजिन पाठीमागे शेपटीत दडवलेलं असतं. बॉनेटचा पट्टा सोडून पाहणाऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. आत बूट दिसतात.

खुद्द एत्तोरे बुगाटींना मापाची ही अडचण आली नव्हती. १९२६-२७ च्या सुमारास त्यांनी आपल्या धाकट्या मुलासाठी, रोलांसाठी, टाइप ३५ ची अर्ध्या मापाची गाडी करवली. बॅटरीवर चालणारी. तिला टाइप ५२ हा क्रमांक मिळाला, लोक तिला 'बेबी' म्हणू लागले, आणि श्रीमंत घरांतल्या मुलांसाठी अशा काही शे गाड्या विकल्या गेल्या. तिथे अर्धं माप चाललं, कारण आत बसणाराच तेवढा होता. मोठ्या माणसासाठी हा मार्ग बंद आहे.

दुसरा मार्ग १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावी निघाला. आर्ट इंगल्स हे कर्टिस क्राफ्ट या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत काम करत. लू बोरेली यांच्या मदतीनं त्यांनी चार पाइप जोडले, मागे गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं, आणि गो-कार्ट जन्माला आली. गो-कार्टनं माणसाच्या मापाचा प्रश्न गाडीचं अंगच काढून टाकून सोडवला. बॉनेट नाही, शेपटी नाही, रेडिएटर नाही. मग प्रमाण बिघडायचा सवाल येत नाही. ते उत्तर चोख आहे, आणि त्यातून एक मोठा खेळ उभा राहिला. पण ज्याच्या मनात जुन्या गाडीची रेषा भरली आहे त्याची भूक त्यानं भागत नाही.

ती भूक ज्यांना पुन्हा लागली त्यांत दक्षिण कॅलिफोर्नियातलं स्टीव्हन्सन कुटुंब पहिलं. पीटर स्टीव्हन्सन हे घरी बांधता येतील अशा शिडाच्या होड्यांचे आराखडे करणारे गृहस्थ. प्लायवूड, स्क्रू आणि घरातली साधी हत्यारं एवढ्यात सामान्य माणूस किती लांब जाऊ शकतो, याचा त्यांना पक्का अंदाज होता. १९९० च्या दशकात त्यांनी आणि घरच्यांनी त्याच रीतीनं पहिल्या सायकलकार्ट केल्या आणि या प्रकाराला काही मापं घालून दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या शर्यतीच्या गाडीचं रूप, दोनशे सीसीच्या आसपासचं एक साधं इंजिन, १७ इंची तारांची चाकं, साधारण साडेपाच फुटांचा व्हीलबेस आणि अडीचशे पौंडांच्या म्हणजे ११३ किलोच्या आसपास वजन. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : गाडी ज्यानं चालवायची त्यानंच ती बांधायची. पुढे ही हौस वॉशिंग्टन राज्यात, इंग्लंडमध्ये, न्यूझीलंडमध्ये पोचली. वॉशिंग्टनमधल्या टिएटन या सफरचंदांच्या बागांच्या लहानशा गावात तर 'ग्रां प्री' भरवून गावच्या रस्त्यांवरून या गाड्या पळवल्या जातात.

ही मापं मला कधीच जाचक वाटली नाहीत. इंजिनाला मर्यादा आहे म्हणून पैसेवाल्याला जोर विकत घेता येत नाही. वजनाला मर्यादा आहे म्हणून प्रत्येक पट्टी जोडताना हात थांबतो आणि 'ही खरंच हवी का?' असं मन विचारतं. तो थांबणारा हात मला या छंदानं दिला, आणि नोकरीतल्या तीस वर्षांत टूलरूमनं जे शिकवलं त्याच्या बरोबरीनं मी ते मोलाचं मानतो.

या गाड्यांना पूर्वज आहेत, आणि ते जाणून न घेता कामाला लागू नये असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपात 'सायकलकार' नावाची लाट आली. मोटारगाडी मध्यमवर्गाला परवडत नव्हती आणि मोटारसायकलवर बायकोला पावसात भिजत न्यावं लागे. मग मोटारसायकलचं इंजिन, सायकलसारखी चाकं आणि हलकं लाकडी अंग अशी मधली गाडी निघाली. १९१२ च्या अखेरीस तिची आंतरराष्ट्रीय व्याख्याही झाली : मोठ्या वर्गात वजन ३५० किलोपर्यंत आणि इंजिन ११०० सीसीपर्यंत, लहान वर्गात ७५० सीसीपर्यंत. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे आणि फ्रेझर-नॅश या दोन तरुणांची जीएन, मॉर्गनची तीनचाकी, फ्रान्समध्ये बूर्बो आणि देव्हो यांची बेडेलिया.

बेडेलियावर थोडं थांबतो, कारण ती मला फार प्रिय आहे. १९१० ची गाडी. होडीसारखी अरुंद, आत दोघं एकामागे एक बसायचे, आणि चालवणारा मागे. मागच्या चाकांकडे जोर पट्ट्यांनी जायचा, आणि गती बदलायची म्हणजे पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर सरकवायचा. पुढचा अख्खा एक्सल मधोमध एका खिळीवर फिरायचा आणि तारेच्या दोरानं वळवला जायचा.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांचे हात शिवशिवतील, कारण ही गाडी आपण केलेली आहे. बेअरिंगची गाडी! एक फळी, पुढे एक आडवी पट्टी, मधोमध एक बोल्ट, गॅरेजवाल्याकडून मागून आणलेली तीन किंवा चार जुनी बेअरिंगं, आणि वळवायला दोरी. डांबरी उतारावर त्या बेअरिंगांचा जो करकराट होई तो दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई. बेडेलियाच्या कर्त्यांनी आणि आमच्या आळीतल्या पोरांनी वळणाचा प्रश्न एकाच पद्धतीनं सोडवला होता, आणि दोघांच्या गाडीत खोडही एकच होती. एक्सल मधोमध फिरवला की आतलं चाक मागे येतं, बाहेरचं पुढे जातं, आणि गाडीचा पाया नेमका जिथे रुंद हवा तिथे अरुंद होतो. जोरात वळलं की गाडी उलटते. माझ्या डाव्या कोपरावर त्याची खूण अजून आहे.

याचं उत्तर बेडेलियाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८१७ मध्ये, म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरानं काढलेलं होतं. एक्सल हलवायचाच नाही. दोन टोकांना दोन स्वतंत्र खिळी, म्हणजे किंगपिन, द्यायच्या आणि प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवायचं. लंडनमध्ये त्याचे प्रतिनिधी होते रुडॉल्फ अकरमान, चित्रांचे छापखानदार. १८१८ मध्ये त्यांनी इंग्लंडात पेटंट घेतलं, आणि आजही जगभरच्या गॅरेजात नाव चालतं ते अकरमानचं. सायकलकार्टला हे जसंच्या तसं लागू पडतं. वरून पाहिलं तर किंगपिनपासून स्टिअरिंगच्या हाताच्या टोकापर्यंत काढलेली रेघ पुढे वाढवून मागच्या एक्सलच्या मध्याला मिळाली पाहिजे. व्हीलबेस १,६७५ मिलिमीटर आणि दोन किंगपिनांमधलं अंतर ८०० मिलिमीटर असेल, तर ते हात सुमारे साडेतेरा अंश आत झुकतात. वर्कशॉपच्या फरशीवर एक सुतळी ताणली की कोन मोजायची गरजही उरत नाही.

पहिल्या गाडीत मी हे सगळं नीट केलं आणि तरीही फसलो. किंगपिन बसवताना गुण्या लावून, ओळंबा सोडून, दोन्ही अगदी उभे केले. टाके मारले, पुन्हा तपासले, मग पूर्ण वेल्डिंग केलं. आयुष्यभर काटकोन राखायची सवय. ते दोन उभे किंगपिन पाहून मला समाधान वाटलं होतं. गाडी मैदानावर नेली. वळवली की वळायची, पण परत सरळ यायचीच नाही. हात जरा सैल सोडला की जिकडे कल मिळेल तिकडे भरकटायची. ताशी तीसच्या वेगालाच घाम फुटला. दोन दिवस मी स्टिअरिंगच्या सांध्यांत खेळ शोधत बसलो. तिसऱ्या दिवशी दारात उभ्या असलेल्या सायकलकडे सहज लक्ष गेलं. सायकलचा पुढचा चिमटा उभा नसतो, मागे कललेला असतो. त्याच्या कण्याची रेघ खाली वाढवली तर ती चाक जमिनीला टेकतं त्या जागेच्या पुढे पडते, म्हणून चाक आपोआप मागे ओढलं जातं आणि सरळ राहतं. हात सोडून सायकल चालवता येण्यामागे ज्या गोष्टी आहेत त्यांत ही एक. मी वेल्डिंग कापलं, दोन्ही किंगपिनांची डोकी बारा अंश मागे कलवली आणि पुन्हा जोडली. त्या संध्याकाळी गाडी वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग माझ्या तळहातातून स्वतःहून घसरत सरळ झालं. तेव्हा मी गाडी थांबवून नुसता बसून राहिलो होतो.

चाकांबद्दल मात्र जपून लिहावं लागेल, कारण इथे चुकलं तर हाड मोडतं. मोटारसायकल वळताना झुकते, त्यामुळे चाकावरचा भार चाकाच्याच पातळीत राहतो, आणि तारांची चाकं त्याच कामासाठी विणलेली असतात. चार चाकांची गाडी झुकत नाही. वळणावर सगळा रेटा चाकाला बाजूनं बसतो आणि तारांना तो सोसत नाही. मग सायकलकार्टची चाकं टिकतात कशी? टायर अरुंद असतात म्हणून. रेटा तारा वाकवण्याइतका वाढायच्या आधीच टायर जमिनीवरून घसरायला लागतो, आणि गाडी हलकी असल्यानं तो रेटा मुळातच कमी असतो. जुन्या छायाचित्रांत वळणावर आडव्या सरकत गेलेल्या गाड्या दिसतात ना, तेच दृश्य इथे ताशी पस्तिसाच्या वेगात मिळतं. म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी रुंद, चिकट टायर घालू नका. पकड वाढेल आणि चाक बसेल.

दुसरी गोष्ट, दुचाकीच्या पुढच्या चाकाचा एक्सल दोन्ही बाजूंनी धरलेला असतो. आपल्या गाडीत तो एकाच बाजूनं धरलेला, भिंतीतल्या खुंटीसारखा. दुचाकीचा मूळचा बारीक एक्सल इथे पुरत नाही. हब लेथवर धरून मोठ्या बेअरिंगला जागा करायची आणि जाड, चांगल्या पोलादाचा स्टब एक्सल घालायचा. आपल्याकडे टीव्हीएस एक्सएलसारख्या मोपेडची रिम १६ इंची असते. एक इंच कमी, पण चालते. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून चार रिमा आणल्या, आणि तारा नव्या घालून घेतल्या त्या सायकलच्या दुकानात. आऊट काढणारा म्हातारा चाक फिरवत रिमेजवळ खडू धरायचा. जिथे खडू लागेल तिथली तार अर्धा आटा सैल, समोरची अर्धा आटा घट्ट. मग बोटानं एकेक तार छेडून ऐकायचा. सगळ्या तारांचा सूर जुळला की चाक माझ्या हातात द्यायचा. एका चाकाला त्यानं पाऊण तास घेतला. मी घाई केली नाही, तुम्हीही करू नका.

इंजिनाचा भाग सोपा आहे. परदेशात बहुतेक जण होंडाचं जीएक्स २०० किंवा त्याच्या तोडीचं दुसरं इंजिन वापरतात : १९६ सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, वजन सोळा किलो, मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना साडेपाच हॉर्सपॉवर, आणि दोरी ओढून सुरू करायचं. याच जातीची इंजिनं आपल्या शेतकऱ्याला चांगली ओळखीची आहेत, पाण्याच्या पंपावर आणि पॉवर वीडरवर. त्यामुळे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि दुरुस्त करणाराही मिळतो. वेगाचा हिशेब एका ओळीचा. पुढे दहा दात्यांचं आणि मागे साठ दात्यांचं चक्र घेतलं, तर इंजिनाच्या ३,६०० फेऱ्यांना चाकाच्या ६०० फेऱ्या. चाकाचा घेर १.७ मीटर, म्हणजे मिनिटाला १,०२० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर. यापेक्षा जास्त नको. जमिनीपासून जेमतेम काही इंचांवर बसून ताशी चाळीसच्या वेगानं जाताना डांबराचा एकेक खडा दिसतो, आणि तो वेग कुणालाही कमी वाटलेला मी पाहिला नाही. इंजिनावरचा गव्हर्नर काढून फेऱ्या वाढवायचा मोह काहींना होतो. साध्या ओतीव फ्लायव्हीलला त्या फेऱ्या सोसत नाहीत. तो फुटला तर तुकडे पाठीमागून येतात, आणि इंजिन तुमच्या पाठीमागेच असतं.

जोर चाकाकडे कसा न्यायचा यावर या छंदातल्या लोकांत वाद आहेत. दोन्ही मागची चाकं एकाच अखंड एक्सलला पक्की केली तर गाडी वळायला नकार देते, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. डिफरन्शियल घालावा तर वजन आणि खर्च वाढतो. म्हणून पुष्कळजण एकाच चाकाला जोर देतात आणि दुसरं एक्सलवर मोकळं फिरू देतात. मी याच बाजूचा. मात्र मग ब्रेकचा विचार नव्यानं करावा लागतो. एक्सलवर एकच डिस्क बसवली तर ब्रेकही एकाच चाकाला लागतो आणि गाडी एका अंगाला ओढते. मोकळ्या चाकाला त्याचा स्वतःचा ड्रम हवाच. मोपेडच्या मागच्या हबमध्ये तो आयताच असतो. हेल्मेट, चेनवर झाकण आणि हाताशी इंजिन बंद करायचं बटण, या तीन गोष्टींवर मी चर्चा करत नाही.

आता रूप. हौशी माणूस इथवर येईपर्यंत थकलेला असतो आणि पत्राकाम उरकून टाकतो, आणि म्हणूनच अनेक गाड्या शेवटी डब्यासारख्या दिसतात. अंगाचा सांगाडा प्लायवूडच्या आडव्या पाट्यांचा करायचा, त्यावर एक मिलिमीटरचा किंवा थोडा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा. बॉनेट वाकवायला यंत्र लागत नाही. टेबलाच्या कडेला तीन इंची पाइप बांधला, त्यावरून पत्रा तळहातांनी हळूहळू दाबत नेला की गोलाई येते. पत्रा कापताना दोन सूत जास्त ठेवायचा. माझ्या बॉनेटचं काम चाललं असताना शेजारच्या शेडमधले डेंटिंग करणारे चाचा येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डोळे मिटून रेडिएटरपासून कॉकपिटपर्यंत पंजा फिरवला आणि एका जागी थांबले. "साहेब, पत्रा बरोबर आहे. रेघ इथं मोडतीये." मला काही दिसत नव्हतं. त्यांनी मला दहा पावलं मागे नेलं, खाली बसवलं आणि उतरत्या उन्हात तिरकं पाहायला लावलं. बॉनेट जिथे कॉकपिटच्या पुढच्या उभारीला मिळत होतं तिथे उजेडाची पट्टी तुटत होती. मी माझं डोकं झाकायला ती उभारी एक इंच वाढवली होती, आणि तो इंच तिथे उघडा पडला होता. माणसाच्या मापाचा प्रश्न पुन्हा तिथेच. शेवटी उभारी आहे तेवढी ठेवली आणि बॉनेटची अख्खी वरची रेषाच रेडिएटरपासून मागे चढती केली. त्यासाठी पत्रा नवा कापावा लागला. जुना अजून माझ्या शेडच्या भिंतीला टेकून उभा आहे.

कोणती गाडी निवडावी? पहिल्यांदा करणाऱ्यानं टाइप ३५ पासून लांब राहावं असं मला वाटतं, जरी मी सुरुवात तिच्यापासून केली असली तरी. एत्तोरे बुगाटींचे वडील फर्निचर घडवणारे, भाऊ शिल्पकार. त्या घरातून आलेली रेषा आहे ती, आणि तीत थोडी चूकसुद्धा लपत नाही. त्यापेक्षा १९२० च्या दशकातल्या इंग्लिश हलक्या गाड्या घ्या. १९२२ च्या ऑस्टिन सेव्हनमुळे सायकलकारचा जमाना संपला, कारण जवळजवळ त्याच किमतीत खरी चार सिलिंडरची मोटार मिळू लागली. पण तिचं अंगच मुळात इतकं लहान आणि साधं होतं की तिच्या शर्यतीच्या रूपांत माणूस आधीपासूनच मोठा दिसतो. सायकलकार्टमध्ये तो तसा दिसला तर नजर अडखळत नाही. जीएन तर उघडी, कोनांची, अंगावर पत्रा जेमतेम. प्लायवूड हाताळता येणाऱ्याला ती जणू हात पुढे करून बोलावते.

आपल्याकडे हे कुणी करावं का, असं मला विचारतात. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिरानं मुलाच्या हौसेखातर भंगारातून, दुचाकीचे भाग वापरून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली, आणि आनंद महिंद्रांनी ती गाडी घेऊन त्यांना बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती मिळालीही. ती गाडी सायकलकार्ट नव्हती, तिला जुन्या शर्यतीच्या गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. पण दुचाकीच्या तुकड्यांतून माणसाच्या मापाची चारचाकी उभी करणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. त्या वेळी महिंद्रांनीच एक गोष्ट लिहिली होती, ती इथेही लागू आहे : अशी गाडी नियमांत बसत नाही, म्हणून आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाणार. घरी बांधलेली, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. सायकलकार्टसाठी खाजगी जागा हवी. कारखान्याचं मागचं आवार, कुणाचं रिकामं खळं, सुट्टीतलं कॉलेजचं मैदान, परवानगी घेऊन. मी हे ठळक शब्दांत सांगतो, कारण गाडी तयार झाली की मन कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत तरी जाऊ पाहतं.

वेळ किती लागतो? मला पहिलीला दोन हिवाळे लागले, दुसरीला सात महिने. लेथ नसली तरी चालते; वेल्डिंग मात्र स्वतः शिका. चांगल्या वेल्डरकडून महिनाभर टाके मारायला शिकून घेतलेत तर तुमची चासी तुमची राहील. किंगपिन आणि स्टब एक्सल यांचं शेवटचं वेल्डिंग मात्र त्याच्याच हातून करून घ्या.

पहिल्या प्रकरणात एकही हत्यार लागत नाही. अंगणात किंवा गच्चीवर सकाळच्या वेळी जागा झाडून घ्या. जमिनीवर बसा, कंबर भिंतीपासून दोन इंच पुढे, पाठ मागे कललेली, पाय पुढे सोडलेले, टाचा टेकलेल्या. हात असे धरा की कोपरं किंचित वाकलेली राहतील. घरातल्या कुणाला तरी खडू घेऊन तुमच्याभोवती फिरू द्या : टाचेची जागा, कमरेची, दोन्ही कोपरांची. मग उठा. जमिनीवर जी आकृती उरली असेल, तिच्या टाचांपुढे चार बोटं सोडून पहिलं चाक काढा.